लॅटिनचे पाढे म्हणणारी शाळा: अमेरिकेतली 'क्लासिकल ख्रिश्चन स्कूल' निघाली कशी, वाढली कशी

माझी मावसबहीण टेक्ससला असते. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, म्हणाली अगं शेजारची आठ वर्षांची पोरगी ड्राइव्हवेमध्ये सायकल फिरवत मोठमोठ्याने काहीतरी म्हणत असते, आमो आमास आमात, आमामुस आमातिस आमांत, मला आधी वाटलं स्पॅनिश असेल, मग तिची आई म्हणाली लॅटिन आहे, आमची मुलगी क्लासिकल ख्रिश्चन स्कूलला जाते. आता हे काय नवीन, आणि आपल्या पोराला तिथे घालावं का, तू वाचत बसतेस ना असलं काहीबाही, सांग जरा.

तासभर सांगितलं फोनवर. नंतर फॅमिली ग्रुपवर अजून तिघाचौघांनी तेच विचारलं म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकतेय.

तर आधी ते आमो आमास. लॅटिनमध्ये 'प्रेम करणे' हा धातू चालवलाय, बस. मी प्रेम करतो, तू करतोस, तो करतो, आम्ही करतो, तुम्ही करता, ते करतात. आपण आठवीत संस्कृत घेतलं की बेंचवर डोलत देवः देवौ देवाः करायचो ना, तेच. अर्थ कळायच्या आधी चाल पाठ व्हायची. त्यामुळे मराठी माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाहीये. मजा वेगळीच आहे. ही शाळा सांगते की आम्ही प्राचीन पद्धतीने शिकवतो, ग्रीक-रोमन काळापासून चालत आलेली, मध्ययुगातल्या युरोपने जपलेली वगैरे. आणि शोधायला गेलं तर आजच्या या शाळांचं वय निघतं जेमतेम पंचेचाळीस वर्षं, आणि ज्या फॉर्म्युल्यावर बहुतेक शाळा उभ्या आहेत तो मांडला एका डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईंनी, एका भाषणात.

बाईंचं नाव डोरोथी सेयर्स. जन्म १८९३, ऑक्सफर्डचाच. वडील पाद्री आणि तिथल्या चर्चच्या गायक मुलांच्या शाळेचे हेडमास्तर, त्यांनी हिला सात वर्षांची व्हायच्या आतच लॅटिन शिकवायला घेतलं. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये, त्या पहिल्या खेपेत ज्यांना पदवी मिळाली त्यात ही. मग पोटापाण्यासाठी लंडनच्या एका ॲड एजन्सीत कॉपी लिहायची, मोहरीच्या जाहिराती, गिनेस बिअरचा तो टुकान पक्षी, त्यात तिचा हात होता. लॉर्ड पीटर विम्झी नावाचा गुप्तहेर तिने उभा केला आणि त्यावर नाव कमावलं. पुढे दांते या इटालियन कवीचं भाषांतर हाती घेतलं. थोडक्यात शिक्षणतज्ज्ञ वगैरे अजिबात नाही.

१९४७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये शिक्षकांसाठी सुट्टीतला एक अभ्यासवर्ग होता, तिथे तिने भाषण दिलं, विषय 'शिकण्याची हरवलेली हत्यारं'. सुरुवातीलाच कबूल केलं की मला शिकवण्याचा अनुभव फारसा नाही, पण हल्ली सगळेच सगळ्यावर बोलतात तर मीही बोलते. मग तिचं दुखणं असं की आपण मुलांना विषय शिकवतो पण विचार करायला शिकवत नाही. पियानोवर एक गाणं बोटं दाखवून दाखवून बसवून घेतो पण स्वर शिकवत नाही, त्यामुळे पोराला ते एक गाणं येतं आणि दुसरं दिलं की ते बघतच बसतं. आपल्याकडे हार्मोनियमच्या क्लासला जाऊन फक्त 'सुखकर्ता दुखहर्ता' शिकून आलेली मुलं बघितलीयत की नाही, तसं. आणि तिचा दुसरा मुद्दा मला फार खरा वाटतो, ती म्हणते साक्षरता कधी नव्हे इतकी वाढली आणि लोक जाहिरातींना आणि प्रचाराला कधी नव्हे इतके फसतायत. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, हे लक्षात घ्या. आणि हे सांगणारी बाई स्वतः जाहिराती लिहून बसलेली! लोकांना गंडवायचं कसं हे तिला आतून माहीत होतं, म्हणून तिच्या बोलण्याला धार आहे असं आपलं मला वाटतं.

उपाय काय, तर म्हणाली मध्ययुगातला ट्रिव्हियम परत आणा.

हा ट्रिव्हियम शब्द लॅटिन, तीन वाटा जिथे मिळतात ती जागा. म्हणजे आपल्या कोकणातला तिठा! मध्ययुगातल्या युरोपात पोरगं आधी या तिठ्यावरून जायचं, ग्रामर म्हणजे व्याकरण, डायलेक्टिक म्हणजे तर्क आणि वाद, आणि ऱ्हेटरिक म्हणजे वक्तृत्व. तिठा ओलांडला की पुढे चौक, क्वाड्रिव्हियम, त्यात अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. तीन आणि चार मिळून सात विद्या. इंग्रजीत क्षुल्लक गोष्टीला ट्रिव्हिअल म्हणतात तो शब्दही या तिठ्यावरूनच आलाय.

आता सेयर्सबाईंनी इथे एक कलाकुसर केली आणि पुढचं सगळं त्या कलाकुसरीवर चाललंय. मध्ययुगात हे तीन विषय होते, अभ्यासाचे. बाईंनी म्हटलं की नाही, या मुलाच्या वाढीच्या तीन पायऱ्या आहेत. नऊ ते अकराचं पोर पोपट असतं, त्याला पाठ करायला आवडतं, यमकं, याद्या, गाड्यांचे नंबर, जे द्याल ते गिळतं, तर त्या वयात व्याकरण आणि पाठांतर भरून घ्या. बारा ते चौदा म्हणजे उलट बोलायचं वय, आईचं वाक्य संपायच्या आत 'पण का' येतं, तर मग त्याला भांडायचंच आहे तर नियमाने भांडायला शिकवा, तर्कशास्त्र द्या. आणि त्यानंतर सोळापर्यंत पोर स्वप्नाळू होतं, आपल्याला कोणी समजून घेत नाही असं त्याला वाटतं, तेव्हा त्याला व्यक्त व्हायला शिकवा, म्हणजे वक्तृत्व. याला आधार काय दिला, तर मी स्वतःच्या लहानपणाकडे बघितलं, बास. कुठला सर्व्हे नाही काही नाही. आपण पोपटपंची हा शब्द शिवी म्हणून वापरतो, बाईंनी पोपटाला थेट अभ्यासक्रमात बसवलं.

ज्याच्या घरात तेरा वर्षांचं कार्टं आहे त्याला हे ऐकल्यावर पटतंच, आणि या फॉर्म्युल्याची ताकद तीच आहे. शास्त्र म्हणून कितपत टिकेल ते सोडा, पण कुठल्याही आईबापाला पाच मिनिटांत समजतं.

इथे एक आपल्याकडची आठवण येतेच. पंडिता रमाबाई. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाचा रोष घेतला, आणि त्या आईने रमाबाईंना शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ असं त्यांनी स्वतः सांगितलंय. मग विशीत कलकत्त्याला पंडितांच्या सभेत जाऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या घेतल्या, आणि १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे बायकांच्या शिक्षणावर बोलल्या. पाठांतर, मग वाद, मग वक्तृत्व, तिन्ही वाटा चालून झाल्या, आणि लॅटिनचा एक शब्द न येता. पुढे ख्रिस्ती झाल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. क्लासिकल आणि ख्रिश्चन दोन्ही शब्द एका माणसात पूर्ण बसतात असं उदाहरण मला तरी दुसरं आठवत नाही, पण या शाळांच्या गोष्टीत त्यांचं नाव येत नाही.

असो, अमेरिकेकडे.

भाषणाच्या सुरुवातीलाच सेयर्स असंही म्हणाली होती की हे कोणी करेल असं मला वाटत नाही, आईबाप करणार नाहीत, परीक्षा मंडळं करणार नाहीत, सरकारी खातं तर नाहीच. इंग्लंडमध्ये तसंच झालं, कोणी फारसं विचारलं नाही. पण पुढे अमेरिकेतल्या 'नॅशनल रिव्ह्यू' या उजव्या विचारांच्या नियतकालिकाने ते भाषण छापलं, आणि तिथे वाचणारे वेगळेच लोक होते.

ते कोण आणि का चिडलेले, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९६२ आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दोन निकाल दिले, सरकारी शाळेत शाळेने घडवून आणलेली प्रार्थना बंद आणि बायबलचं सामूहिक वाचन बंद. पोराने स्वतःची स्वतः प्रार्थना करायला कोणी अडवलं नव्हतं, पण तोपर्यंत बऱ्याच गावांत सकाळ प्रार्थनेनेच सुरू व्हायची, त्यामुळे पुष्कळ ख्रिश्चन घरांना वाटलं की आपल्याला शाळेतून हाकललं. त्याआधी १९५४ मध्ये कोर्टाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या होत्या, आणि दक्षिणेत काही गोऱ्या लोकांनी काळ्या पोरांबरोबर बसायला नको म्हणून खाजगी शाळा काढल्या आणि त्यावर ख्रिश्चन पाटी लावली. हे दोन्ही प्रवाह खरे आहेत, एकच सांगून दुसरा झाकायचा हे दोन्ही बाजूचे लोक करतात. सत्तरच्या दशकात ख्रिश्चन खाजगी शाळा धडाधड निघाल्या. पण त्यातल्या पुष्कळ शाळांत अभ्यास तोच, पुस्तकं साधारण तीच, वर बायबलचा एक तास आणि कडक शिस्त. काही आईबापांना वाटायला लागलं की हे म्हणजे सरकारी शाळेलाच वरून साखर लावल्यासारखं झालं.

मग १९८० आणि १९८१ मध्ये तीन ठिकाणी तीन शाळा निघाल्या, एकमेकांचा पत्ता नसताना. कॅन्ससमध्ये टोपिका गावात 'केअर पॅराव्हेल', हे नाव नार्नियाच्या गोष्टींतल्या किल्ल्याचं. इंडियानात साउथ बेंडला 'ट्रिनिटी', ती 'पीपल ऑफ प्रेझ' नावाच्या एका धार्मिक समुदायाने काढली, सुप्रीम कोर्टाच्या जज एमी कोनी बॅरेट पुढे काही वर्षं याच ट्रिनिटी शाळांच्या बोर्डावर होत्या. आणि तिसरी आयडाहो राज्यात मॉस्कोला, 'लोगॉस स्कूल'. मॉस्को म्हणजे रशियातलं नाही हं. पंचवीसेक हजार वस्तीचं विद्यापीठाचं गाव, आजूबाजूला पलूस म्हणतात त्या भागातल्या गव्हाच्या आणि मसुराच्या टेकड्या. अमेरिकन लोक रशियाच्या राजधानीला मॉस्काउ म्हणतात आणि या गावचे लोक आपल्यासारखं मॉस्को म्हणतात, एवढाच काय तो आपला आणि त्यांचा संबंध.

लोगॉसची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण बाकीच्या बऱ्याच शाळांनी हिचीच कॉपी केली. गावात डग्लस विल्सन नावाचे पाद्री होते, अजून आहेत. (गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचे विल्सन वेगळे, ते स्कॉटलंडचे जॉन विल्सन, त्यांची शाळा १८३२ ची.) हे विल्सन आधी अमेरिकन नेव्हीत, पाणबुडीवर, मग आयडाहो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले, मग चर्च चालवायला लागले. थोरल्या मुलीला शाळेत घालायची वेळ जवळ आली, बायकोला सरकारी शाळा नको होती, आणि यांनी सांगून टाकलं की पोरगी शाळेच्या वयाची होईपर्यंत मी शाळा काढतो. नवरे असले शब्द देतात आणि विसरतात, या गृहस्थाने चारचौघांना गोळा करून १९८१ मध्ये खरंच काढली. सेयर्सचं भाषण त्यांनी त्या नियतकालिकात आधी वाचलेलं होतं, ते आठवलं, ते शोधून काढलं आणि शाळा कशी असावी याचा सांगाडा तिथून घेतला. नाव लोगॉस, ग्रीक शब्द, अर्थ शब्द, विचार, तर्क हे सगळं एकत्र. योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच वाक्य, 'प्रारंभी शब्द होता', त्यातला शब्द तो हा लोगॉस.

आता यातली गंमत बघा. ज्यांनी शाळा काढली त्यातल्या कोणालाच स्वतःला असलं शिक्षण मिळालेलं नव्हतं, आणि हे विल्सन यांनी स्वतः कबूल केलंय. म्हणजे हरवलेली हत्यारं परत आणायला निघालेल्यांनी ती हत्यारं कधी हातात धरलेली नव्हती. अशा शाळेत सुरुवातीला लॅटिनचा शिक्षक म्हणजे मुलांच्या एक धडा पुढे असलेला माणूस, रात्री स्वतः शिकायचं आणि सकाळी शिकवायचं. हसू येतं, पण खरं सांगू का, आपल्याकडे डोंगराळ भागात पहिल्यांदा इंग्रजी शिकवणाऱ्या कितीतरी गुरुजींनी हेच केलं आणि मुलं शिकली.

जागेचंही तसंच. यातल्या बऱ्याच शाळा सुरू होतात चर्चच्या तळघरात, कारण चर्चला खोल्या असतात आणि त्या सोमवार ते शुक्रवार रिकाम्या असतात. पोरांच्या चित्रांचे कागद शुक्रवारी भिंतीवरून काढायचे, रविवारी तिथे संडे स्कूल, सोमवारी परत लावायचे. लोगॉसला पुढे जी स्वतःची इमारत मिळाली ती मूळची रोलर स्केटिंग रिंक होती! चाकांच्या बुटांवर पोरं घिरट्या घालायची तिथे मग रोमन कवी व्हर्जिल आला.

परवानग्यांचं म्हणाल तर अमेरिकेत खाजगी शाळा काढायचा हक्क १९२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पक्का झालेला आहे, आणि आयडाहोसारख्या राज्यात सरकारची ढवळाढवळ फार कमी. आपल्याकडे स्वयंअर्थसहाय्यित शाळेची फाइल ज्याने फिरवलीय त्याला हे ऐकून रडू येईल. बोर्डाची दहावी-बारावी नाही, त्यामुळे कोणतं पुस्तक लावायचं हे शाळेने ठरवायचं, पुढे कॉलेजला जायला मुलं सॅट वगैरे परीक्षा देतात. पण सरकारी पैसाही नाही, तेव्हा तरी नव्हता. म्हणजे फी, देणग्या आणि वर्षातून एकदा जेवणाचा मोठा कार्यक्रम करून वस्तूंचा लिलाव. शिक्षकांना पगार सरकारी शाळेपेक्षा कमी, म्हणून शिक्षक बहुतेक वेळा कोणाची तरी आई, जिला स्वतःच्या पोरांच्या फीत सवलत मिळते.

आणि वाढ होते ती पोरांच्या वयाने. हे मला फार आवडलं. पहिल्या वर्षी खालचे दोनतीन वर्ग, तेही कधी कधी एकाच खोलीत. पुढच्या वर्षी मोठी पोरं एक इयत्ता वर गेली की त्यांच्यासाठी एक वर्ग वाढवायचा. म्हणजे शाळा दर वर्षी सगळ्यात मोठ्या मुलासाठी एक पाऊल टाकते. सगळ्यात कठीण जागा आठवी-नववी, तिथे पोरं गळतात, कारण सरकारी हायस्कूलला फुटबॉल ग्राउंड आहे, बँड आहे, सायन्सच्या लॅब आहेत, आणि इथे वर्गात सातच जण आणि त्यातलं एक आपलं भावंड. ज्या शाळा हा घाट चढतात त्या टिकतात, बाकीच्या प्राथमिकवरच राहतात किंवा बंद होतात.

वर्गात नेमकं काय चालतं, तर लहान पोरं चालीवर सगळं म्हणतात, लॅटिनची रूपं, इतिहासातले प्रसंग क्रमाने, बायबलमधल्या पुस्तकांची नावं, पाढे. टाळ्या वाजवत, पाय आपटत. जरा मोठी झाली की सातवी-आठवीला चक्क तर्कशास्त्राचं पुस्तक, सगळी माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे, आणि युक्तिवादातल्या चुका ओळखायच्या. ही मुलं मग घरी जेवताना बापाला सांगतात की बाबा तुम्ही मुद्दा सोडून माणसावर टीका करताय, हा तर्कदोष आहे. बाप फी भरून हे ऐकतो. वरच्या वर्गात होमर, व्हर्जिल, ऑगस्टीन, दांते, शेक्सपिअर आणि बारावीला एक प्रबंध, जो परीक्षकांपुढे उभं राहून तोंडी लढवायचा.

आणि ख्रिश्चन म्हणजे फक्त बायबलचा तास नाही, ते म्हणतात की गणित असो की इतिहास, सगळं देवाच्या जगाचं शिक्षण आहे आणि मुलाला शिकवायची जबाबदारी देवाने आईबापाला दिलीय, सरकारला नाही, शाळा फक्त आईबापाच्या वतीने काम करते. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातल्या सहाव्या अध्यायातलं एक वाक्य ते कायम देतात, त्यात मूळ ग्रीक शब्द आहे पायडेया. इंग्रजीत तो समजावायला त्यांना पानंच्या पानं लागतात, आपल्याला एका शब्दात कळतो, संस्कार. ज्ञान, शिस्त, वळण, आपल्या लोकांत वाढणं, सगळं त्यात येतं.

आता एका गावातली एक शाळा देशभर कशी गेली? १९९१ मध्ये विल्सन यांनी लोगॉसच्या दहा वर्षांच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं, नावातच सेयर्सच्या भाषणाचं नाव घेऊन. ते वाचून ठिकठिकाणच्या आईबापांचे फोन आणि पत्रं यायला लागली की आम्हालाही काढायचीय, कशी काढू. मग नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच अशा शाळांची संघटना झाली, असोसिएशन ऑफ क्लासिकल ख्रिश्चन स्कूल्स, दर वर्षी परिषद, शाळांची तपासणी आणि मान्यता. मॉस्कोमध्येच १९९४ ला न्यू सेंट अँड्र्यूज कॉलेज निघालं. पुस्तकं छापणारे आले, लॅटिनची लहान मुलांची पुस्तकं, गाणी, टाइमलाइनची कार्डं. म्हणजे आता नव्या गावात शाळा काढणाऱ्याला अभ्यासक्रम शून्यातून बनवायला नको, खोका मागवला की झालं. आज त्या संघटनेच्या सदस्य शाळा पाचशेच्या घरात आहेत. माझ्या मते सेयर्सच्या त्या तीन पायऱ्या नसत्या तर हे झालं नसतं. 'आम्ही मध्ययुगीन सप्तविद्या शिकवतो' असं सांगून कोणी पोरं घातली नसती. 'पोपट, भांडखोर, कवी' म्हटल्यावर घातली. शेवटी जाहिरातवालीच ती.

आता बोचणारा भाग, तो टाळून चालणार नाही. याच विल्सन यांनी १९९६ मध्ये आणखी एका पाद्र्याबरोबर एक पुस्तिका लिहिली, त्यात अमेरिकेच्या दक्षिणेतली गुलामगिरी लोक म्हणतात तितकी वाईट नव्हती, मालक आणि गुलामांत जिव्हाळा होता, अशा थाटाचं लिखाण. तिथल्याच आयडाहो विद्यापीठातल्या इतिहासकारांनी त्याची चिरफाड केली, आणि त्यातले काही उतारे दुसऱ्यांच्या पुस्तकातून नीट श्रेय न देता उचललेत असं निघालं, तेव्हा ती पुस्तिका बाजारातून काढली गेली. बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, देश ख्रिस्ती कायद्याने चालावा, ही त्यांची मतं ते लपवत नाहीत. देशभरच्या सगळ्या क्लासिकल ख्रिश्चन शाळा त्यांच्या मताच्या आहेत असं अजिबात नाही, कॅथलिक आहेत, लुथरन आहेत, काहींना त्यांचं नावही नको असतं. पण या झाडाचं एक मोठं मूळ तिथे आहे, हे शाळेत पाय ठेवायच्या आधी माहीत असावं.

दुसरा प्रश्न पुस्तकांच्या यादीचा. क्लासिकल म्हटलं की अथेन्स, रोम, जेरुसलेम, लंडन, की आलं बॉस्टन. कालिदास नाही, कन्फ्यूशियस नाही. ते म्हणतात सगळं शिकवता येत नाही, आधी आपल्या घरचं शिकवतो. हा मुद्दा मला अर्धा पटतो. चिपळूणकर-टिळक मंडळींनी १८८० मध्ये पुण्याला न्यू इंग्लिश स्कूल काढलं तेही आपली पोरं परक्याच्या मुशीत नकोत म्हणूनच की. पण अमेरिकेत 'आपलं घर' म्हणजे नक्की कोणाचं, तिथे काळ्या लोकांची चारशे वर्षं आहेत, मूळच्या जमातींची त्याहून कितीतरी जास्त, ती यादीत येणार का, हा प्रश्न या शाळांच्या आतलेही काही जण आता विचारतायत.

आणि हो, क्लासिकल म्हणजे आता फक्त ख्रिश्चन राहिलेलं नाही. घरी शिकवणाऱ्या आयांनी हीच पद्धत उचलली. ॲरिझोना आणि टेक्ससमध्ये 'ग्रेट हार्ट्स' नावाच्या चार्टर शाळा आहेत, सरकारी पैशावर चालणाऱ्या, फी नाही, धर्म नाही, पण होमर आहे आणि लॅटिन आहे. सॅटला पर्याय म्हणून २०१५ मध्ये क्लासिक लर्निंग टेस्ट नावाची परीक्षा निघाली आणि २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांनी ती मान्य केली. पैशाचं गणितही बदललंय, ॲरिझोनाने २०२२ पासून कुठल्याही मुलाला खाजगी शाळेसाठी सरकारी पैसा मिळेल अशी सोय केली, टेक्ससने २०२५ मध्ये तसाच कायदा केला, पहिल्या खेपेला एक अब्ज डॉलर. चर्चच्या तळघरात पाय आपटत लॅटिन म्हणणाऱ्यांना हे स्वप्नातही दिसलं नसतं. सरकारी पैसा आला की मागून सरकार येतं अशी भीती त्यांच्यातलेच जुने लोक घालतायत, ते वेगळं.

मावसबहिणीचा मूळ प्रश्न राहिलाच की, आपल्या पोराला घालावं का. तिला मी म्हटलं आधी हे विचार की शाळा कुठल्या जातीची आहे. कारण प्रवेशाचे दोन प्रकार असतात. काही शाळा फक्त ख्रिश्चन कुटुंबांसाठी, त्यांना निदान एक पालक चर्चचा सभासद लागतो, पाद्र्याचं पत्र लागतं, श्रद्धेच्या निवेदनावर सही लागते. काही शाळा कोणालाही घेतात, फक्त आम्ही काय शिकवणार ते मान्य करा म्हणतात. मग विचार लॅटिन कोण शिकवतं आणि ते स्वतः कुठे शिकले. आता पंचेचाळीस वर्षांनी याच शाळांतून शिकून परत शिकवायला आलेले लोक भेटतात, ते असले तर चांगलं. बारावीला किती मुलं आहेत ते विचार. बोर्डावर कोण आहे ते विचार, पालक की एकाच चर्चची माणसं. इतिहासाचं पुस्तक मागून घे आणि गुलामगिरीचं प्रकरण उघडून वाच, तिथे बसूनच.

ती गेली ओपन हाउसला. शाळा पहिल्या प्रकारातली निघाली, पाद्र्याच्या पत्राशिवाय फॉर्मच नाही, त्यामुळे पुढचे प्रश्न विचारायची वेळच आली नाही. फोनवर म्हणाली, बाकी लोक फार चांगले होते गं, कुकीज पण घरी केलेल्या होत्या.